अर्नीच्या गाण्यातला घोडा

ऑस्ट्रेलियातल्या बार्कू नदीकाठच्या कुठल्याही पबात वॉली प्रॅटननं गाणं सुरू केलं, की पहिल्याच ओळीत घोडा उधळायचा. हा वॉली स्वतः मात्र उभ्या घोड्यावरूनही पडलेला माणूस. त्याचं त्यालाच हसू यायचं. पण रचायला बसलं की कानात टापा वाजायच्या, आणि टापांशिवाय त्याला एक ओळ सुचेल तर शपथ.

त्यात अर्नी गेला. गुरांचे तांडे हाकणाऱ्यांचा स्वयंपाकी, वॉलीचा जिवलग. दफन झालं की सगळ्यांनी पबात जमायचं आणि वॉलीनं गाणं म्हणायचं, हा तिथला रिवाजच. दफनाच्या आदल्या दिवशी त्यानं ते अर्नीच्या बायकोला, डल्सीला ऐकवलं. गाण्यात अर्नी पुरात घोडा घालतो, उधळलेली गुरं वळवतो. म्हणता म्हणता वॉलीचेच डोळे भरून आले.

"छान आहे," डल्सी म्हणाली. "कोण हा?"

"अगं वहिनी, आपला अर्नी."

"माझा नवरा घोड्याला भिऊन जन्मभर रसदीच्या गाडीमागून चालला. त्याला पुरात कुठे ढकलतोस? उद्या तिथे बसून मी रडू कुणासाठी?"

वॉलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन त्यानं गाण्यातला घोडा काढला, तर गाण्यात काही उरेना. मोठा कवी म्हणे! दोस्ताला वगळून घोडा ठेवला होता गाढवानं.

दुसऱ्या दिवशी पबात तो तसाच, गाण्याविना उभा राहिला. निखाऱ्यात भाजलेली अर्नीची रोटी, खालून कायम जळकी, तिथून सुरुवात केली आणि अडखळला. मागून एक म्हातारा गुराखी म्हणाला, "जळकी बाजू मला द्यायचा. म्हणायचा, ही खास तुझ्यासाठी राखलीय." वॉलीनं ते तसंच ओळीत बसवलं. माणसं हसली, मग एकेक जण आठवण पुरवू लागला. गाणं पुढे सरकलं खरं, पण मेल्या टापांचा ठेका काही जिभेवरून उतरेना. गाण्यातला बिचारा अर्नी भांडीकुंडी घेऊन दुडक्या चालीनं पळत सुटला.

संपल्यावर वॉली मान खाली घालून डल्सीजवळ आला. "नाही जमलं गं, वहिनी."

डल्सीनं डोळे पुसले. "इतका भरभर तो कधीच चालला नाही रे. पण आहे तोच."

वॉलीनं मान वर केली.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली. "आणि जरा हळू. तेवढाच जास्त वेळ थांबेल."