बुधवारचा हॉल

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या मराठी मंडळाला हॉल मिळाला तो देवयानीमुळे, असं सगळे म्हणायचे, आणि देवयानी कर्णिकला ते ऐकायला आवडायचं.

ऑक्सफर्ड रोडच्या मागे एक जुनं चॅपल बंद पडून होतं. कौन्सिल ते मंडळाला लीजवर द्यायला तयार होती, पण छत गळत होतं आणि किचनच्या नावाने एक सिंक. दुरुस्तीसाठी मंडळाची सेक्रेटरी म्हणून देवयानीने एक ट्रस्ट शोधून काढला. वांशिक समतेसाठी झटणाऱ्या छोट्या संस्थांना तो मदत करायचा. सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर असल्यामुळे फॉर्म भरण्यात तिचा हात धरणारं मंडळात कोणी नव्हतं. ट्रस्टची अट एकच होती: जागा एकाच समाजाची होऊन राहता कामा नये, आसपासच्या इतर अल्पसंख्याकांनाही ती वापरता आली पाहिजे.

त्या अटीपायी देवयानी मिसेस बेनेटकडे गेली. आयसिल्डा बेनेट सत्तरीच्या, बार्बाडोसहून तरुणपणी नर्स म्हणून आलेल्या. दर बुधवारी त्या कॅरिबियन म्हाताऱ्यांना एकत्र जेवू घालायच्या. पूर्वीची जागा गेल्यापासून कधी याच्या, कधी त्याच्या घरी पंगत बसायची. दोघातिघांना जिने चढवत नव्हते, ते येईनासे झाले होते.

"बुधवार तुमचे," देवयानी म्हणाली. "मी फॉर्ममध्येच लिहिते."

मिसेस बेनेटनी पाठिंब्याचं पत्र लिहून दिलं. ट्रस्टच्या इंटरव्ह्यूला त्या ठेवणीतली हॅट घालून आल्या. तिथे त्या म्हणाल्या, "लोक आधी लिहितात आणि मग आम्हाला विचारतात. या मुलीने आधी विचारलं." दोन महिन्यांनी होकाराचं पत्र आलं.

२००५च्या डिसेंबरात काम पुरं झालं. संक्रांतीचं हळदीकुंकू नव्या हॉलमध्ये झालं, देवयानीला सगळ्यांसमोर शाल दिली. फेब्रुवारीत कमिटीची मीटिंग भरली.

मंडळाचे अध्यक्ष कमलाकर पाठारे. तीस वर्षं हॉस्पिटलमध्ये डॉक्टरकी करून रिटायर झालेले, लंडनपर्यंत सगळ्यांचे काका. त्यांनी विषय काढला. "अगं देवयानी, ते बुधवारचं काय लिहून बसलीस तू?"

"ट्रस्टची कंडिशन होती, काका."

"कंडिशन असते गं कागदावर. नव्या किचनमध्ये ते मासे-मटण शिजवणार. आपण नैवेद्य करतो तिथे."

खजिनदार उल्हासने मान डोलावली. उल्हासच्या घरी दर रविवारी सुरमई तळली जायची, देवयानीने स्वतः खाल्ली होती. "आणि स्पष्टच बोलू का?" तो म्हणाला. "आपल्या मुली डान्स प्रॅक्टिसला येतात. ही काळी माणसं येणार-जाणार. आय अ‍ॅम नॉट रेसिस्ट, पण पेरेंट्स ऑब्जेक्शन घेतील."

ती माणसं सत्तरी-ऐंशीची होती, काठ्या टेकत येणार होती. जेवण घरी शिजवून आणू, इथे फक्त गरम करू, हवं तर भाजी-भातच आणू, असं मिसेस बेनेट आपण होऊन म्हणाल्या होत्या. देवयानीला हे सगळं माहीत होतं. तिने त्यातलं एक अक्षर उच्चारलं नाही. काकांनी मीटिंगच्या आधीच तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पुढच्या वर्षी अध्यक्ष तू. पण तेवढंच कारण नव्हतं. मिसेस बेनेटच्या घरी पहिल्यांदा चहा प्याली तेव्हा तिने कप ओठांना लावायच्या आधी त्याची कड निरखून पाहिली होती. कोणाच्या लक्षात आलं नाही, पण तिच्या लक्षात राहिलं होतं.

"सांगून टाक, बुक झालाय म्हणून," काका म्हणाले. "वाईट नको वाटायला त्यांना."

पुढच्या शुक्रवारी मिसेस बेनेट स्वतःच हॉलवर आल्या. किचन पाहिलं, नव्या ओव्हनचं दार उघडून बघितलं, खूश झाल्या. "मग येत्या बुधवारपासून?"

"सॉरी, मिसेस बेनेट. बुधवार बुक झालेत. सगळेच. नुकतेच गेले."

मिसेस बेनेटनी तिच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे बुकिंगचा तक्ता लावला होता, देवयानीच्याच अक्षरातला. सोमवारी योगा, मंगळवारी डान्स, गुरुवारी भजन. मधला रकाना जूनपर्यंत कोरा.

"नुकतेच," त्या म्हणाल्या. पर्समधून हातमोजे काढले, एकेक बोट नीट बसवत घातले. "हॉल छान झालाय, डियर. अभिनंदन."

आणि गेल्या. दार त्यांनी हळूच लावून घेतलं.

देवयानीने तक्ता काढून ड्रॉवरमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी नवा केला, त्यात बुधवारच्या रकान्यात 'मेन्टेनन्स' लिहिलं.

मार्चमध्ये ट्रस्टची अधिकारी जेन पाहणीला आली. तिच्यासाठी साबुदाणावडे केले होते. खाता खाता तिने काकांना विचारलं, तुम्ही या देशात आलात तेव्हा कसं होतं? काका एरवी यावर बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

"एकाहत्तर साली आलो. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये बायकोला ठेवता येत नव्हतं, म्हणून खोली शोधत होतो. फोनवर बोलणं व्हायचं, या म्हणायचे. दारात उभा राहिलो की बाई माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, सॉरी, नुकतीच गेली खोली. एका दिवशी चार घरं. चौथ्या घराच्या खिडकीत 'खोली भाड्याने देणे आहे'ची पाटी तशीच होती. बायको फुटपाथवर सूटकेसवर बसली होती. तिला मी काय सांगितलं माहितीय? खोल्या ओलसर होत्या म्हणून."

जेनने त्यांच्या हातावर हात ठेवला. देवयानीच्या हातात वड्यांची डिश होती, ती तिला खाली ठेवता येईना. नुकतीच गेली. तोच शब्द, तशाच गोड आवाजात तिने म्हटला होता.

"आणि बाकी कोण कोण वापरतं हा हॉल?" जेनने विचारलं. "मिसेस बेनेटचा क्लब?"

काकांनी देवयानीकडे पाहिलं.

"बोलणी चालू आहेत," देवयानी म्हणाली.

ती दुसरी थाप होती, आणि ती कोणी सांगायला लावली नव्हती.

रविवारी ती मिसेस बेनेटच्या दारात उभी राहिली. त्यांनी आत घेतलं, बसवलं. चहा विचारला नाही.

"बुधवार रिकामे होते," देवयानी म्हणाली.

"मला माहीत आहे. चष्मा होता माझ्या डोळ्यांवर."

"तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत."

"काय बोलायचं? घरी येऊन मात्र बोलावं लागलं. माझे म्हातारे वाट बघत होते. त्यांना सांगितलं, हॉलचा बॉयलर बिघडलाय." मिसेस बेनेटनी चष्मा काढून पुसला. "गोऱ्यांनी दार लावलं की आम्हाला काय करायचं ते कळतं. सवय आहे. तुम्ही लावलंत हे या वयात त्यांना ऐकवायचं नव्हतं मला. म्हणून तुमच्यासाठी मी खोटं बोलले. माझ्या माणसांशी."

देवयानीला रडू फुटलं.

"रडू नकोस," मिसेस बेनेट म्हणाल्या, रागाने नाही. "तू रडलीस तर मला तुझी समजूत घालावी लागेल, आणि आज माझ्यात ते त्राण नाही."

"मी काय करू?"

"ते मी कसं सांगू? फॉर्म तू भरला होतास."

देवयानीने त्या आठवड्यात ट्रस्टला पत्र लिहिलं. काय कबूल केलं होतं, काय केलं, आणि जेनला दिलेलं उत्तर खोटं होतं, हे सगळं. एप्रिलमध्ये मंडळाची वार्षिक सभा होती. तिथे तिने ते पत्र मराठीत वाचून दाखवलं. कमिटीत काय बोलणं झालं तेही सांगितलं आणि कपाची गोष्टही सांगितली. ती सांगताना तिचे कान तापले, पण तिने ती गाळली नाही.

हॉलमध्ये गलका झाला. "घरातली धुणी बाहेर धुवायची काय गरज होती?" उल्हास ओरडला. "आम्हाला आधी विचारायचंस तरी!" कोणी म्हणालं, हिला प्रसिद्धी हवीय. मागच्या खुर्चीवरून अनुराधाताई वैद्य उभ्या राहिल्या, इथे चाळीस वर्षं शिक्षिका होत्या. "ती काय बोलली ते खोटं आहे का, तेवढं सांगा," त्या म्हणाल्या.

बुधवार कॅरिबियन क्लबला द्यायचे असं ठरलं. काहींनी पटून हात वर केला, बऱ्याच जणांनी ट्रस्टच्या भीतीने. काकांनी केला नाही. सभा संपल्यावर ते कोट चढवत देवयानीजवळ आले.

"मी त्या ट्रस्टच्या बाईला सांगितलं ते खरं होतं," ते म्हणाले. "अक्षर न् अक्षर."

"माहीत आहे, काका. म्हणून तर."

कोटाचं बटण त्यांना लागत नव्हतं. तिने हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

बुधवार देऊ करणारं पत्र मंडळाने पाठवलं, त्याला मिसेस बेनेटचं उत्तर चार ओळींचं आलं. त्यांना एका चर्चची मागची खोली मिळाली होती. अंधारी आहे, पण जिना नाही. माणसं तिथे रुळली आहेत, त्यांना पुन्हा हलवायचं नाही. मंडळाचे आभार. खाली सही नुसती आयसिल्डा अशी नव्हती, परक्याला करावी तशी पूर्ण नावाची होती.

ट्रस्टने मदत परत मागितली नाही. बुधवारी कोणालातरी जागा द्या, एवढंच कळवलं. जूनपासून सोमाली बायकांचा इंग्रजीचा वर्ग सुरू झाला. देवयानीने सेक्रेटरीपद सोडलं, अध्यक्षपदाचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. पण बुधवारी हॉल उघडायला कोणी तयार नव्हतं, म्हणून ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन ती जायची.

पहिल्याच दिवशी वर्गातली एक तरुण आई, कडेवर मूल, तिच्यापाशी आली. तिला इंग्रजी जेमतेम येत असावं. "तुमचे लोक फार चांगले," ती म्हणाली. "आम्हाला कोणी जागा देत नव्हतं. तुम्ही लगेच दिली."

देवयानीने तोंड उघडलं. खरं सांगायला लागणारे शब्द त्या बाईला अजून शिकवले गेले नव्हते, आणि थँक यू म्हणायला जीभ उचलेना. मूल देवयानीच्या गळ्यातल्या हॉलच्या चावीकडे हात करत होतं. ती खाली मान घालून म्हणाली, "खुर्च्या कमी पडतायत, मी आणते," आणि स्टोअररूमकडे गेली.