मराठी फक्त गॅलरीत

चष्मेवाल्याच्या घरात मराठी बोलायची तर गॅलरीत जावं लागे.

नियम अर्थातच बायकोचा. हॉलमध्ये लॅटिन, स्वयंपाकघरात फ्रेंच, मुलांच्या खोलीत जपानी आणि न्हाणीघरात जर्मन. न्हाणीघराला जर्मन का, तर तिथे फारसं बोलावं लागत नाही आणि जर्मनचं पुस्तक सगळ्यात पातळ होतं. मराठीच्या वाट्याला आली गॅलरी. वीजबिल भरलं का, कपाटाची चावी कुठे आहे, तुझा भाऊ अजून किती दिवस राहणार आहे, असले प्रश्न नवराबायको ओल्या चादरींच्या मधे उभे राहून सोडवत. समोरच्या इमारतीला या घरातलं सगळं तोंडपाठ होतं.

थोरली बारा वर्षांची, धाकटा आठ. दोघांनाही आई घरीच शिकवी. शाळेत मुलांची मेंढरं होतात असं तिचं म्हणणं होतं, आणि ते ती इतक्या जणांना इतक्यांदा सांगे की ऐकणाराच खाली मान घालून मेंढरासारखा हो हो करी. चष्मेवाला त्यात पहिला.

पण बाई वाईट नव्हती. लग्नाआधी ती एका मोठ्या कंपनीत मुलाखतीला गेली होती. तिथल्या साहेबाने बोलता बोलता कुठल्याशा परभाषेतली म्हण फेकली. बाकीचे उमेदवार हसले, म्हणून हीही हसली. साहेबाने नेमकं हिलाच विचारलं, अर्थ काय हो याचा? ते हसू अजून तिच्या घशात अडकून होतं. आपल्या मुलांवर अशी वेळ येऊ द्यायची नाही, एवढंच तिला करायचं होतं. चष्मेवाल्याला हे ठाऊक होतं, त्यामुळे तो तिच्यावर मनापासून रागावू शकत नसे. वरवर रागावण्याची त्याची छाती नव्हती.

अडचण एकच होती. चार भाषा शिकवणाऱ्या बाईला त्या चारांपैकी एकही येत नव्हती. ती मुलांच्या एक धडा पुढे राही, आणि लॅटिनच्या बाबतीत तिसऱ्या धड्यानंतर तेवढंही जमेना. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं लोक म्हणतात. इथे मात्र पोहराच काठोकाठ भरला. थोरलीने ते पुस्तक संपवलं, जाडजूड शब्दकोश उशाशी घेतला, रेकॉर्ड केलेले धडे ऐकून ऐकून झिजवले. आई तिच्या शेजारी बसून मान डोलवी.

मुलांनी हॉलमध्ये तोंड उघडावं म्हणून आईने सुरुवातीलाच एक आमिष ठेवलं होतं. लॅटिनमध्ये, न अडखळता जे मागाल ते मिळेल. पहिल्यांदा मुलांनी पाणी मागितलं, मग बिस्किट, मग अर्धा तास टीव्ही. तोवर सगळं ठीक होतं. पुढे वाक्यं लांबत गेली आणि आईची पंचाईत झाली. काय म्हणालीस, असं विचारावं तर अब्रू जाते. मग ती डोळे मिटून फक्त अडखळणं ऐके. अडखळलं नाही की म्हणे, "दिलं." काय दिलं ते तिला मागाहून कळायचं. धाकट्याने एकदा थोरलीकडून एक वाक्य घोकून घेतलं आणि आई "दिलं" म्हणताच खाली जाऊन मांजराचं पिल्लू घेऊन आला. आई म्हणाली, "मला वाटलंच होतं." पिल्लू राहिलं. चष्मेवाल्याला मांजराच्या केसांनी शिंका येत, पण शिंकेला कुठलीच भाषा नसल्यामुळे ती कुठेही चाले.

आठवड्यातून एकदा थोरली त्याच्याबरोबर चष्म्याच्या दुकानात येई. तो मागच्या टेबलावर काचा घासून फ्रेममध्ये बसवत असे आणि ती काउंटरवरचे आरसे पुसत असे. हिवाळा सुरू झाला होता तेव्हाची गोष्ट. जवळच्या शाळेत डोळे तपासणी झाली होती, त्यामुळे दप्तरं पाठीवर घेऊन मुली दुकानात येत होत्या. त्यांतल्या दोघींना एकच लाल फ्रेम आवडली. त्या आधी हसल्या, मग भांडल्या, मग एकीने दुसरीला "जा, तुझ्याशी बोलणार नाही" असं बजावलं आणि बाहेर पडताना दोघी एकमेकींच्या गळ्यात हात टाकून गेल्या. थोरली हातात फडकं घेऊन दारापर्यंत गेली आणि त्या वळून दिसेनाशा होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

"बाबा, मला त्या शाळेत जायचंय," ती परत येऊन म्हणाली.

चष्मेवाल्याने मशीन बंद केलं. "का गं? घरी काय कमी आहे?"

"भांडायला कुणी नाही. धाकट्याशी भांडून काय मिळतं? तो लगेच रडतो." ती जरा थांबली. "आईला दोनदा विचारलं मी. गॅलरीत."

"मग काय म्हणाली?"

"नेहमीचंच. बाबा, तू सांग ना तिला. तुझं ऐकेल ती."

आपलं ऐकेल असं आपल्याबद्दल कुणाला तरी वाटतं, याचं चष्मेवाल्याला इतकं अप्रूप वाटलं की तो लगेच म्हणाला, "सांगतो."

सांगायला तो गेलाही. बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. त्याने घसा खाकरला. "थोरलीबद्दल जरा बोलायचं होतं."

"तिची जपानी मागे पडतेय, हेच ना? माझ्याही लक्षात आलंय. वेळ वाढवते."

चष्मेवाला म्हणाला, "हो."

असं तीन-चार वेळा झालं. थोरली दर वेळी दुकानात त्याच्याकडे बघे आणि तो भिंगातून फ्रेमकडे बघे. बिचारीने विचारणं बंद केलं. हिवाळा गेला, ऊन तापायला लागलं, आणि एक दिवस शाळेच्या फाटकावर फळा लागला की नवे प्रवेश महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंतच. दुकानात येता-जाता तो फळा दोघांनाही दिसे. दोघंही त्याबद्दल बोलत नसत.

त्याच सुमारास आईने घरशाळा मंडळाचा मेळावा आपल्या हॉलमध्ये भरवायचं ठरवलं. मुलांना घरी शिकवणारी पाच-सहा कुटुंबं वर्षातून एकदा जमत आणि आपापली पोरं एकमेकांना दाखवत. वरवर कौतुक, आतून हिशेब. थोरली दुकानात म्हणाली, "बाबा, ते म्हातारे सर चष्मा न्यायला येणार आहेत ना? लॅटिनचे? त्यांना पाहुणे म्हणून बोलावू या."

निवृत्त प्राध्यापक त्याचे जुने गिऱ्हाईक होते. त्यांना बोलावल्याने नेमकं काय होणार हे चष्मेवाल्याला समजलं नाही, असं तो नंतर स्वतःला सांगत राहिला. खरं म्हणजे त्याला थोडं समजलं होतं. आपल्याला करता येत नाही ते दुसऱ्या कुणाकडून होत असेल तर होऊ द्यावं, एवढीच त्याची मर्दुमकी. त्याने प्राध्यापकांना आमंत्रण दिलं.

मेळावा गुरुवारी संध्याकाळी होता. हॉलमध्ये शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्या, भिंतीवर रोमन राजांची चित्रं, सगळ्यात पुढे प्राध्यापक. एका मुलाने फ्रेंचमध्ये शंभरापर्यंत आकडे म्हटले आणि सत्तरनंतर घाम पुसला. एका चिमुरडीने जपानी गाणं म्हटलं. ते जपानी आहे असं तिच्या वडिलांनी सांगितलं म्हणून बरं. मग आई उठली. आपल्या घरातला लॅटिनचा नियम तिने सगळ्यांना समजावून सांगितला. मागाल ते मिळेल, अट एकच, अडखळायचं नाही. "बघाच आता," ती म्हणाली.

थोरली उभी राहिली. तिने पाहुण्यांकडे पाहिलं नाही, ती आईकडेच बघत बोलू लागली. चष्मेवाल्याला एक अक्षर कळत नव्हतं, पण तिचा चेहरा त्याच्या ओळखीचा होता. हातात फडकं घेऊन दुकानाच्या दारात उभी होती तेव्हाचाच. ‘स्कूल’सारखा ऐकू येणारा शब्द टाळून शाळेसाठी तिने मुद्दाम जुना, वेगळाच शब्द शोधला असणार, कारण आईला कशाचाच वास लागला नाही. ती मान डोलवत होती, मधे मधे "वा" म्हणत होती. प्राध्यापकांनी नवा चष्मा काढून हातात धरला होता.

थोरली थांबली. आई अभिमानाने पाहुण्यांकडे वळली.

"एकदाही अडखळली नाही," ती म्हणाली. "नियम म्हणजे नियम. दिलं."

टाळ्या झाल्या. फ्रेंच आकडे म्हणणाऱ्या मुलाची आई मात्र टाळ्या वाजवता वाजवता म्हणाली, "पण मागितलं काय हो तिने?"

आई हसली. चष्मेवाल्याने ते हसू कधी पाहिलं नव्हतं, फक्त त्या मुलाखतीची गोष्ट ऐकली होती. तरी त्याने ते ओळखलं.

"ते सरच सांगतील," आई म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगलं."

प्राध्यापकांना या घरातलं काही ठाऊक नव्हतं. ते भाषेच्या आनंदात होते. "ती म्हणते, आई, तू मला चार भाषा दिल्यास, पण बोलायला माणसं दिली नाहीस. मला शाळेत जायचं आहे. तिथे कमी शिकवलं तरी चालेल. संध्याकाळी मी तुझ्याजवळ बसून शिकेन. प्रवेश उद्या बंद होतात." मग त्यांनी बोट वर केलं. "उद्याचा शुक्रवार तिने अगदी जुन्या पद्धतीने सांगितला आहे. बहार आहे."

कुणी टाळी वाजवली नाही. प्राध्यापकच पुढे म्हणाले, "जन्मभर ही भाषा शिकवली मी. पोरांनी तिच्यात लढाया सांगितल्या, राजे मारले. पण स्वतःला हवं ते तिच्यात मागताना मी कुणाला ऐकलं नव्हतं."

"हा प्रयोगाचाच भाग असेल ना?" फ्रेंच मुलाच्या आईने गोड आवाजात विचारलं.

"हो," आई म्हणाली. "प्रयोगच."

आता आपण काहीतरी बोललं पाहिजे, असं चष्मेवाल्याला फार वाटलं. त्याने उठून बिस्किटांची बशी फिरवली.

पाहुणे गेल्यावर आई तडक गॅलरीत गेली. मागोमाग थोरली गेली, आणि चष्मेवाला दारात उभा राहिला, अर्धा लॅटिनमध्ये, अर्धा मराठीत.

"चार लोकांत माझं हसं केलंस," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "माझ्याशी सरळ मराठीत बोलता येत नव्हतं तुला?"

"मराठीत विचारलं होतं, आई. इथेच. दोनदा."

"मग मी काय म्हणाले?"

"दोन्ही वेळा तू म्हणालीस, हेच हॉलमध्ये जाऊन लॅटिनमध्ये म्हणून दाखव."

हातातला चिमटा आईने दोरीला लावला, काढला, परत लावला. दोरीवर कपडा नव्हता. मग तिने थोरलीला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत तोंड लपवून बराच वेळ तशीच उभी राहिली. समोरच्या इमारतीत दोन खिडक्या हळूच उघडल्या.

"उद्या सकाळी जाऊ आपण," ती शेवटी म्हणाली. "दिलं म्हणाले ना मी."

थोरलीने डोळे पुसले. "मी बाबांनाही विचारलं होतं," ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे. हिशेब पुरा असावा म्हणून म्हणाली आणि धाकट्याला सांगायला आत पळाली.

बायको चष्मेवाल्याकडे वळली. "तुला माहीत होतं? कधीपासून?"

तो अजून दारातच होता. आत धाकट्याने लॅटिनचं पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं होतं आणि मोठ्याने वाचत होता. बायकोने चष्मेवाल्याचा हात धरून त्याला गॅलरीत घेतलं, चादरींच्या मधे, जिथे मराठी चालत होती.

"हिवाळ्यापासून," तो म्हणाला.