आमच्या घरचं रक्त

अवसरीला आमच्या घरात मूल बारा दिवसांचं झालं की कान टोचायला सोनार यायचा. इतर घरांत तो तार ओवून, चहा पिऊन लगेच निघायचा. आमच्याकडं त्याला बसून राहावं लागे, कारण रक्त लवकर थांबत नसे. माझी सासू साळुबाई कानाच्या पाळीला हळद दाबून धरायची. ज्या लेकराचं रक्त थांबत नाही त्याच्याकडं बघून ती खूश व्हायची. "पक्कं आमच्या घरचं हाय," म्हणायची.

माझी थोरली भागू. तिचे कान दुसऱ्या दिवशीपर्यंत पाझरत होते. धाकट्या संपतचंही तसंच झालं. मधल्या जानकूचं मात्र टोचल्याबरोबर थांबलं, तर सासू म्हणाली, "हे गेलं मामाच्या वळणावर." जानकू मोठा झाला तरी भाऊकीतले लोक त्याला त्यावरून चिडवायचे. आमच्यात ही थट्टेची गोष्ट होती.

संपत रांगत होता तेव्हा माझे मालक भिमाजी गेले. ताप आला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मांड्यांवर काळेनिळे डाग पडले. मंचरच्या डॉक्टरांनी पुण्याला न्यायला सांगितलं. खेडच्या पुढं गेल्यावर जीपवाल्यानं मागं वळून बघितलं आणि गाडी बाजूला घेतली. त्या आजाराला तेव्हा आम्ही काही नाव दिलं नाही.

दोन हजार चार साली संपतला तसेच डाग आले. तो मंचर मार्केटला टेंपो चालवायचा. कांदा साठवणीला बराखीत भरून झाला होता आणि त्याच्यासाठी मुली बघायचं चाललं होतं. पुण्याच्या हॉस्पिटलात सांगितलं, रक्ताचा कॅन्सर आहे. औषधानं आजार खाली बसला. पण डॉक्टर म्हणाले, हा परत उठणार. सख्ख्या भावाबहिणीचा बोनमॅरो जुळला तर तो घालायचा, दुसरा इलाज नाही. आईबापाचा अर्धाच जुळतो, म्हणून माझा चालत नव्हता.

जानकूचा जुळला नाही. भागूचा पूर्ण जुळला.

भागू डिंगोऱ्याहून नवऱ्याला, हौशीरामला, घेऊन आली आणि खाटेजवळ उभी राहून संपतला म्हणाली, "ल्हानपणापास्नं माझ्या ताटातलं खात आला. आता हाडातलं बी खा."

"तुझं रक्त भरल्यावर मी तुझ्यावानी भांडखोर व्हनार का?" संपतनं विचारलं.

"व्हय. मंग तुला बायकूच मिळायची न्हाई."

"मला मिळाली की, राव," हौशीराम म्हणाला. "भांडखोर."

जानकू हसला आणि बाहेर गेला. नंतर मी बघितलं तर तो नळाजवळ तोंड धूत होता. "आये, मी मामाच्या वळणाचा ना," एवढंच म्हणाला.

त्याच आठवड्यात खुशबू आली. मंचरच्या चांदमलशेठची नात. त्यांच्या कापडाच्या दुकानातून आमच्या घरच्या सगळ्या लग्नांचे बस्ते बांधलेले. ती पुण्यात एका प्रयोगशाळेत रक्त कसं तयार होतं त्यावर संशोधन करत होती. आमच्या गावाचं नाव ऐकून बाकावर माझ्याशेजारीच बसली. संपतच्या पेशी तिनं दुर्बिणीखाली बघितल्या होत्या. भिमाजी कसे गेले ते तिनं विचारलं, मी सांगितलं.

"आजी," ती म्हणाली, "रक्तातल्या सगळ्या पेशी एकाच बियाण्यापासून होतात. कुणी लाल व्हायचं, कुणी पांढरं, कुणी रक्त गोठवायचं, हे ठरवणारी जनुकं असतात. तुम्ही कांद्याला पाणी देता तेव्हा दारं धरायला माणूस लागतो ना?"

"लागतो की. न्हाईतर एका वाफ्यात तळं आन् दुसरा कोरडा."

"तसंच. कधी कुठं सोडायचं, कधी बंद करायचं. प्रत्येक पेशीत अशी दोन माणसं असतात, एक आईकडून आलेला, एक वडलांकडून. काही घरांत त्यातला एक जन्मापासूनच कामाचा नसतो. एकट्यावर चालतं. रक्त नीट थांबत नाही, एवढंच. पण पुढं आणखी काही बिघडलं तर पेशी मोठ्या होतच नाहीत. कोवळ्याच राहून वाढत सुटतात."

"तोच ह्यो कॅन्सर?"

"तोच. सगळ्यांना होत नाही. काहींचा जन्म तसाच नीट जातो."

मग तिनं मुद्द्याची गोष्ट सांगितली. संपतमध्ये सापडलेला दोष भागूमध्येही असला तर तिचा बोनमॅरो संपतला घालून उपयोग नव्हता. तो धड रुजणार नाही, रुजला तरी आजार पुन्हा उठेल. आणि घालायच्या आधी संपतचं सगळं जुनं रक्त औषधानं मारून टाकतात. तिथून मागं फिरता येत नाही.

भागूनं ती चाचणी करून घ्यायला नकार दिला. "जुळलंय म्हनलात ना? मंग आता आनिक कशाला?" चाचणी संशोधनाची होती, जबरदस्ती करता येत नव्हती. भागूच्या रक्ताचा साधा रिपोर्ट काठावर होता, पण चालण्यासारखा होता. मोठे डॉक्टर म्हणाले, तिच्यात दोष असल्याची काही खूण मिळाली तर आपण थांबू. नाही मिळाली तर वेळ घालवता येणार नाही. तारीख ठरली.

दुपारी आम्ही हॉस्पिटलच्या मागं डबे घासत होतो. भागू खाली मान घालून म्हणाली, "आये, ती खुशबू सगळ्यांचं इचारत सुटलीय. कुनाचं रक्त थांबत न्हाई, कुनाचं थांबतं. तुला बी इचारंल. कानाचं बोलू नगं."

"का गं?"

"बोललीस तर माझं घ्यायचे न्हाईत. मंग कुनाचं हाय दुसरं? तुझं हाय?"

"आन् तुझं बी तसलंच असलं तर?"

"असंल तर असंल. नुसतं बसून बघायचं का? आबांला बघितलं तसं?"

तिनं डबा पुसला, झाकण लावलं, माझ्या हातातला घेतला आणि तोही पुसला.

त्या दिवसांत मला रडू येत नव्हतं. लोक येत, सफरचंदं ठेवत, धीर धरा म्हणत. मी बरं म्हणायचे. भूक लागायची, जेवायचे. दोन्हीकडं माझीच पोरं होती आणि मला दोन्हीकडचं काहीच वाटत नव्हतं. फक्त एक डोक्यात यायचं. संपतचं रक्त सगळं काढून झालंय, भागूचं आत गेलंय आणि ते धरत नाहीये. तेव्हा भागू कुठं उभी असेल, कुणाकडं बघत असेल, ते मला दिसायचं.

दुसऱ्या दिवशी खुशबू वॉर्डात आली. संपत उशाला टेकून बसला होता, भागू त्याला मोसंबी सोलून देत होती. खुशबूनं मला विचारलं, "आजी, घरात लहानपणी कुणाकुणाला लागल्यावर रक्त थांबायचं नाही, आठवतंय का?"

भागूनं वर बघितलं नाही. सोलत राहिली.

"मालकांचं थांबत नव्हतं," मी म्हणाले. "संपतचं न्हाई. जानकूचं थांबायचं. भागूचं न्हाई. कान टोचले तर दुसऱ्या दिवसापर्यंत गळत व्हते. सासू म्हनायची, पक्कं आमच्या घरचं."

खुशबूनं मान हलवली. ती खिडकीकडं गेली आणि तिथंच उभी राहिली.

"झालं समाधान?" भागू मला म्हणाली. "आता बस बघत."

"तायडे," संपत म्हणाला, "मोसंबी दे की. हातात धरून काय बसलीस."

तिनं दिली. त्यानं फोड तोंडात टाकली. "भांडखोर व्हायचं राह्यलं म्हना आता," तो म्हणाला. त्यानं सगळी मोसंबी खाल्ली.

मग भागूनं हात पुढं केला आणि खुशबूला म्हणाली, "घ्या. आता काय राह्यलंय." दोष निघाला. ठरलेली तारीख रद्द झाली. खुशबूनं तिला समजावलं, तुम्हाला कॅन्सर झालेला नाही, होईलच असंही नाही, वर्षातून दोनदा रक्त तपासायचं. हौशीराम म्हणाला, "येऊ की. कांदा घेऊन तसंबी येतोच." परक्या माणसाचा बोनमॅरो शोधायची फारशी सोय आपल्याकडं तेव्हा नव्हती. औषधं पुन्हा सुरू केली. संपत घरी आला, टेंपोत बसून एकदा मार्केटला जाऊन आला. थंडीत आजार उठला. तो अवसरीलाच गेला, आपल्या खाटेवर. जानकू जवळ होता.

भागू दहाव्याला आली. बायकांत बसली, सगळ्यांना चहा दिला, मलाही दिला. बोलली नाही. पुढं दिवाळीलाही आली नाही. हौशीराम मंचरला आला की आमच्याकडं चक्कर टाकायचा. "बरी हाय," म्हणायचा.

संपतला जाऊन वर्ष होऊन गेल्यावर एका सकाळी ती दारात उभी. बरोबर तिची मुलगी श्रेया, शाळेच्या कपड्यांतच. भागू उंबऱ्याच्या आत आली नाही.

"हिचं रक्त तपासायचंय," ती म्हणाली. "खुशबूशी बोललेय मी. माझ्यानं तिथं बसवायचं न्हाई. तू घिऊन जा."

"पानी तरी पी."

"तू सांगितलंस ते बरोबरच व्हतं," ती म्हणाली. "पर मला अजून तुज्याशी बोलवत न्हाई." मग श्रेयाच्या केसांची पिन नीट लावून ती रस्त्याकडं निघून गेली.

आम्ही पुण्याला गेलो. गाडीत श्रेयानं विचारलं, "आजी, लई दुखतं का गं?"

"न्हाई. मुंगी चावल्यावानी."

"आईपन असंच म्हनाली. तुमी दोघी सारकंच बोलता."

प्रयोगशाळेत खुशबूनं स्वतः सुई लावली. श्रेयानं डोळे मिटून घेतले, हूं की चूं केलं नाही. नळी भरली. खुशबूनं कापूस ठेवला आणि मला म्हणाली, "आजी, थोडा वेळ दाबून धरा."

मी दाबून धरलं. श्रेया भिंतीवरची चित्रं बघत होती, पेशींची, लाल आणि जांभळी. ही कोणती, ती कोणती, विचारत होती. खुशबू सांगत होती. बाहेर दुसरा पेशंट येऊन बसला.

"सोडा आता, आजी," खुशबू म्हणाली. "बघू, थांबलं का."

मी बोट काढलं नाही.