तीव्र शब्दांत

मी माईक बोलतोय. परराष्ट्र खात्याच्या पत्रकार कक्षात, निवेदनाच्या मेजावर मान वाकडी करून उभा असतो ना, तोच. शपथेवर सांगतो, पुढचं अक्षर न् अक्षर खरं आहे. मला खोटं बोलताच येत नाही. लोक बोलतात ते मी फक्त मोठं करतो. तशी थोडी भर घालायची सवय लागलीय, पण या खात्यात ती कोणाला नाही?

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, गाण्याबिण्याला जाईन. माझ्याच खोक्यातला भाऊ एका गायिकेकडे गेला. ती गायला लागली की सभागृहाचे खांब डोलायचे म्हणे. माझ्या वाट्याला निषेध आला.

आवाजाची यंत्रणा सांभाळणारे मामा रोज सकाळी मला तपासायचे, तेही "हॅलो, हॅलो" म्हणून नाही. "निषेध, निषेध, तीव्र निषेध!" हा शब्द नीट गेला की बाकीचे जातातच, असं त्यांचं मत.

निवेदन वाचायच्या प्रवक्त्या बाई. खात्याची रीत मी त्यांच्याकडूनच शिकलो. शत्रूराष्ट्राने बॉम्ब टाकला तर 'तीव्र शब्दांत निषेध'. मित्रराष्ट्राने टाकला तर 'चिंता'. फारच लेकरं गेली तर 'तीव्र चिंता'. शिवाय मित्राच्या वेळी कोणी केलं ते सांगायचंच नाही. बॉम्ब आपला आपण पडतो, इमारत आपली आपण खाली बसते.

एका सकाळी मला चालू ठेवून मामा चहाला गेले. कक्षात बाई एकट्याच. त्यांचा फोन वाजला. पलीकडे त्यांची भावजय होती. बाईंचा धाकटा भाऊ शेजारच्या देशात डॉक्टर. त्याच्या इस्पितळावर पहाटे बॉम्ब पडला होता, आणि विमान होतं मित्रराष्ट्राचं.

"ताई, हे जिवंत आहेत हो! ढिगाऱ्याखालून आवाज देताहेत. पण वर विमानं घिरट्या घालताहेत, क्रेनवाला यायला तयार नाही. तुमच्या सरकारने निषेध केला तर थोडा वेळ तरी थांबतील, सगळे म्हणताहेत. तुम्हीच वाचता ना ते?"

"वाचते गं. लिहीत नाही."

तेवढ्यात सचिव कागद घेऊन आले. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं.

"साहेब, 'चिंता' काढून 'निषेध' घालू या. एकदाच."

"बाई, त्यांच्याशी करार व्हायचाय. तुमचं दुःख मी समजू शकतो."

"समजू नका साहेब, शब्द बदला."

"शब्द ना माझा, ना तुमचा. चला, पत्रकार आलेत."

बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. कागद बाजूला ठेवला. म्हणाल्या, "हा हल्ला आमच्या मित्राने केलाय. मी त्याचा निषेध करते." सचिवांनी चहाहून परतलेल्या मामांना मला बंद करायची खूण केली, मामांनी छताकडे पाहिलं. बातमी जगभर गेली, विमानं परतली, क्रेन आली. बाईंचा भाऊ धुळीने माखून बाहेर आला आणि म्हणाला, "आधी पाणी द्या रे."

बरं वाटलं ना? मलाही वाटतं, म्हणून भेटेल त्याला असंच सांगतो. कागद बाजूला ठेवल्यापासून पुढचं सगळं मी रचलंय.

बाईंनी कागद वाचला. 'चिंता'च वाचली. एका पत्रकाराने विचारलं, "पण हल्ला केला कोणी?" बाई म्हणाल्या, "तपशील येत आहेत." मेजावर त्यांचा फोन थरथरत होता. मग तोही थांबला.

भावाचं कळल्यावरही बाई कामावर आल्या. त्याच आठवड्यात शत्रूराष्ट्राने कुठल्याशा ओस पुलावर बॉम्ब टाकला. माणूस सोडा, बकरीही मेली नाही. बाई 'तीव्र शब्दांत निषेध' म्हणाल्या आणि माझी जाळी फाटते की काय असं झालं. असा आवाज माझ्यातून कधी गेला नव्हता. मामांनी हेडफोन काढून ठेवले.

सचिव धावत आले. "वा बाई! काय जीव ओतलात!"

"धन्यवाद, साहेब," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला बंद केलं.

यात माझी भर काही नाही. ते निवेदन अजून ऐकवतात, नव्या प्रवक्त्यांना शिकवायला. तुमच्या कानी पडलं तर एवढंच करा, टाळ्या वाजवू नका. पुलासाठी कोणी एवढं कळवळत नाही.