कुठंही न जाणारा फोटो

"ह्याचा काढून दाखवा," असं म्हणत उज्वला सिस्टरनी पर्समधून गॉजचा एक चौकोनी तुकडा काढला आणि काउंटरच्या काचेवर पसरला. गॉजवर औषधाचा तपकिरी डाग होता. त्यावर जास्वंदीची चुरगळलेली पाकळी आणि काळ्या दोऱ्याचे दोन बारीक तुकडे चिकटवलेले होते.

श्रीशैलनं नाक आक्रसलं. लातुरातल्या त्याच्या कॅमेऱ्याच्या दुकानात गिऱ्हाइकं लेकराचा नाहीतर बाहेरच्या रस्त्याचा फोटो काढून बघायची.

"मॅडम, हे काय हाय?"

"जखम समजा. लाल कुठं संपतं आन् काळं कुठं सुरू होतं, तेवढं मला दिसलं पाहिजे."

त्यानं एक नवाकोरा, तळहातात मावणारा कॅमेरा उचलला, फोटो काढला आणि स्क्रीन त्यांच्यापुढं धरली. लाल पाकळी गुलाबी झाली होती. दोऱ्यांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसत होत्या.

"बघा, किती गोड आलाय! सगळं आपोआप गुळगुळीत करतो ह्यो. लग्नकार्याला लई भारी. आन् हे बटन दाबलं की फोटो थेट मोबाईलमधी. एका बोटात सगळ्या ग्रुपला जातो."

उज्वला सिस्टरनी कॅमेरा हातानं मागं सारला.

"हा नको. फोटो कुठं पाठवत नाही असा दाखवा."

"अवो, समदे पाठवणाराच मागून राहिलेत, अन् तुम्ही..."

"मला न पाठवणाराच पाहिजे."

कळसे ट्रस्टच्या धर्मादाय दवाखान्यात त्या चोवीस वर्षं ड्रेसिंग करत होत्या. सडलेली बोटं, पाठीला पडलेली खोल भोकं, जखमेत वळवळणाऱ्या अळ्या, सगळं त्यांनी या हातांनी साफ केलं होतं आणि हात धुऊन दुपारचा डबाही खाल्ला होता. नव्या मुली तोंडाला पदर लावून पळायच्या, तेव्हा त्या म्हणायच्या, "अगं, माणूसच आहे तो." जखमांचे फोटो मात्र लागायचेच. भाजलेल्यांवर उपचार करणारे सर नांदेडहून फक्त गुरुवारी यायचे. मधल्या दिवसांत जखम भरत होती की चिघळत होती, ते फोटोंवरून ठरवायचे.

मुरुडजवळच्या एका खेड्यातली शिवकांता उन्हाळ्यात दाखल झाली. वय सव्वीस. गॅस गळून भडका उडाला होता. गळा, छाती आणि उजवा हात भाजला होता. पहिल्या ड्रेसिंगला उज्वला सिस्टरचे दोन्ही हात गुंतलेले होते. शेजारी टेक्निशियन हरिओम उभा होता. त्या त्यालाच म्हणाल्या, "काढ रे एक फोटो, सरांना दाखवायला." त्यानं खिशातून स्वतःचा मोबाईल काढला.

पाच दिवसांनी रात्रीचं जेवण चाललं असताना धर्माबादच्या जावेचा मेसेज आला. त्यात शिवकांताचा फोटो होता. चेहरा स्पष्ट, छाती उघडी. खाली लिहिलं होतं, 'गॅस वापरताना काळजी घ्या. जनहितार्थ पुढे पाठवा.' त्याखाली जोडलेले हात, रडणारी तोंडं आणि कुणीतरी टाकलेलं एक हसणारं तोंड. फोटोच्या कडेला हातमोजा घातलेला एक हात दिसत होता, आणि मोज्याच्या वर त्यांच्याच मनगटावरचं गोंदण. उज्वला सिस्टरनी तोंडातला घास ताटात काढून ठेवला.

सकाळी त्यांनी हरिओमला गाठलं. तो मोबाईलवरून नजर न उचलता म्हणाला, "अवो सिस्टर, लोकांला शिकायला भेटतंय. म्या तिचं नाव कुठं टाकलं?"

"चेहरा टाकलास ना मेल्या!"

"आता मलाच एकट्याला कशाला बोलता? मी फकस्त आपल्या स्टाफच्या ग्रुपवर टाकला हुता. पुढं कोन कुठं पाठवला, मला काय म्हाईत."

त्या तडक व्यवस्थापक किशनरावांकडे गेल्या. पांढरा सफारी घातलेल्या किशनरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दाखवा बरं, कोणता फोटो?" उज्वला सिस्टरनी फोन पुढं केला. किशनरावांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. मग आणखी मोठा केला. "अरेरे," ते म्हणाले, पण बोटं काही थांबली नाहीत. उज्वला सिस्टरनी त्यांच्या हातातून फोन हिसकून घेतला. घरी गेल्यावर त्यांनी तो फोन डेटॉलच्या बोळ्यानं पुसला. दोनदा पुसला, तरी उशाशी घेववेना.

दुसऱ्या दिवशी शिवकांताचे वडील, मडिवाळप्पा, वॉर्डाच्या दारात उभे होते. गळ्यात इष्टलिंग, हातात पुतण्याचा मोबाईल. आवाज चढवला नाही त्यांनी.

"सिस्टर, ह्यो हात तुमचाच हाय ना?"

"हाव."

"मंग तुमाला म्हाईत हुतं?"

"बाहेर गेलेला माहीत नव्हतं, आप्पा. पण काढायला मीच सांगितलं होतं."

ते बराच वेळ त्या गोंदणाकडे बघत राहिले. "तिच्या सासरी समद्या गावानं बघितला," एवढंच बोलले. संध्याकाळी 'आपल्या जबाबदारीवर नेतो' अशा कागदावर सही करून त्यांनी लेकीला घरी नेलं. जखमा कच्च्या होत्या. स्ट्रेचरवर तिनं चादर तोंडावरून ओढून घेतली होती. तिच्याशी बोलायला उज्वला सिस्टर वाकल्या, तशी चादर आतून घट्ट धरली गेली.

किशनरावांनी 'मोबाईल वापरण्यास सक्त मनाई' अशी पाटी लावली. पाटी लावतानाचा फोटो दवाखान्याच्या ग्रुपवर आला. हरिओमनंच काढला होता. त्या दिवशी उज्वला सिस्टरनी ठरवलं, कॅमेरा आपण आपला घ्यायचा आणि त्यातलं फोटोंचं कार्ड औषधांच्या कपाटात कुलपात ठेवायचं.

पैसे साठवायला तीन महिने गेले. आता दुकानात श्रीशैलनं आणखी तीन कॅमेरे दाखवले. एकाचा रंग खोटा, एकाला वीतभर अंतरावरून नीट दिसेना, एकाचा फ्लॅश ओल्या डागावर पांढरा चट्टा पाडायचा. शेवटी वैतागून त्यानं आतल्या खोलीतून एक जुना डबा आणला.

"उदगीरच्या दाताच्या डॉक्टरचा हाय. दातांचे फोटो काढायचे ते. काच एक नंबर, आतला सेन्सर बी मोठा. पर ह्याच्यात वायफाय-बियफाय काय न्हाई बघा."

या वेळी पाकळी लाल आली, जास्त नाही, कमी नाही. काळे दोरे दोन मोजता आले. मग उज्वला सिस्टरनी स्वतःचा हात काउंटरवर ठेवला. स्क्रीनवर प्रत्येक सुरकुती आली, गोंदणाचा हिरवा रंग आला. "हा द्या," त्या म्हणाल्या.

कॅमेरा घेतल्यावर पहिल्याच रविवारी त्या मुरुडला उतरून शिवकांताच्या माहेरी गेल्या. ती आतल्या खोलीत बसली होती. उजवा हात कोपरात वाकून छातीशी चिकटल्यासारखा झाला होता. कातडी ताणून दोरीसारखी दिसत होती. नवरा एकदाही आला नव्हता.

"शिवकांता, ऑपरेशन केलं तर हात सरळ होईल. तू दवाखान्यात येणार नाहीस, मला कळतं. फक्त हाताचा फोटो काढते. सरांना दाखवते आन् पुसून टाकते."

"ह्याच्यातून कुठं जातंय का?"

"न्हाई जात."

"तवा बी तुमीच म्हनलात, सरांना दाखवायचाय."

उज्वला सिस्टरनी कॅमेरा मांडीवर ठेवला. मग शिवकांतानं स्वतःच ओढणी बाजूला केली आणि हात पुढं आणला, जेवढा येत होता तेवढा. त्यांनी फोटो काढला. तिनं डाव्या हातात कॅमेरा घेतला, स्क्रीनवरचा तो हात बघितला. कातडीची प्रत्येक घडी दिसत होती.

"पुसा," ती म्हणाली.

उज्वला सिस्टरनी तिच्यासमोर बटण दाबलं. स्क्रीन रिकामी झाली. तिनं कॅमेरा परत घेऊन पुन्हा खात्री केली.

"कुठं बसतेत तुमचे सर?"

"नांदेडला. त्यांचा स्वतःचा दवाखाना आहे."

"मीच येते. त्येंला म्हनावं, डोळ्यानं बघा."

पुढच्या मंगळवारी नांदेडच्या त्या दवाखान्यात रांग लांब होती. एका बाजूला मडिवाळप्पा, एका बाजूला उज्वला सिस्टर आणि मधे शिवकांता. तिनं मान ताठ ठेवली होती. नंबर जवळ आला होता. तेवढ्यात समोरच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं खिशातून मोबाईल काढून डोळ्यांसमोर धरला. शिवकांतानं झटकन तोंड भिंतीकडं फिरवलं.

म्हातारा डोळे बारीक करून नुसता वेळ बघत होता.