फरशीवरचं गाव

मी खडू बोलतोय. फार पूर्वी मी समुद्राचा तळ होतो, असं मला झोपेत आठवतं. वर निळं पाणी हलायचं आणि मी कणाकणाने साचत राहायचो. मग साचा, ऊन, पुठ्ठ्याचा खोका आणि एके दिवशी एका तरुण संशोधकाचा खिसा. लोक त्यांना सर म्हणत.

सर मनाने फार चांगले. गावाचा नकाशा गावानेच काढायचा, हे त्यांनी दूर शिकत असतानाच ठरवलं होतं. त्या सकाळी शाळेच्या ओसरीवर सगळे जमले. नवी विहीर कुठे खणायची, ते या नकाशावरून ठरणार होतं. पण उत्साहाच्या भरात सरांनी मला कोणाच्या हाती दिलंच नाही. लोक सांगत, सर फरशीवर काढत. मधूनच विचारत, बरोबर ना? माना डोलत. पाहुण्याला नाही कोण म्हणणार?

मागे टोपल्या विणणारी मावशी बसली होती. तिची सात घरांची वस्ती ओढ्यापलीकडे. पाण्यासाठी रोज तीन खेपा. ती म्हणाली, "छान काढलंय, सर. आता आमची घरं कुठं ठेवलीत तेवढं सांगा, म्हणजे संध्याकाळी परत जाता येईल."

सगळे हसले. सरांचे कान लाल झाले. गाडी ओढ्यापर्यंतच जायची, म्हणून पलीकडे ते गेलेच नव्हते. घाईने वाकून म्हणाले, "सांगा मावशी, मी काढतो."

"मीच काढते की. द्या इकडं."

सरांची बोटं क्षणभर घट्ट झाली. ते फक्त मला कळलं. मग ती सुटली, आणि सर तिच्या शेजारी फरशीवर बसले.

मावशीचा हात खरबरीत होता. तिची रेघ वाकडी आली, पण ओढाही तसाच वाकडा. तिने घसरडा उतार काढला, घागर टेकवायचा दगड काढला. दुकानदार म्हणाला, दगड अलीकडे आहे. झालं, वाद पेटला. सर ऐकत राहिले. ऊन सरकत गेलं, गाव पसरत गेलं. मी झिजत होतो आणि मला विलक्षण हलकं वाटत होतं.

शेवटी मावशीने ओढ्याच्या काठावर, दोन्ही वस्त्यांना जवळ पडेल अशी, विहिरीची खूण केली. इतकं दाबून, की मी मोडलो. ती खूण कोणी पुसली नाही.

आता मी मावशीच्या खिडकीत आहे, नखाएवढा. माझा दुसरा तुकडा सरांच्या खिशात गावोगाव हिंडतोय. त्याची मला काळजी वाटते. सर, त्यालाही वेळेवर सोडा हो.