ओढ्यापलीकडचा टांगा

१९५४ सालचा चैत्र. चाकणला दौलतरावांच्या अंगणात इंदूच्या लग्नाचे पापड वाळत होते. आत तिची आई, रुक्मिणीबाई, तोंडाशी पदर दाबून खोकत होती. पदराला रक्त लागत होतं, ते घरातल्या तिघांखेरीज एकालाच ठाऊक होतं.

तो नूरमोहम्मद टांगेवाला दारात आला. "दौलतराव, वहिनींना तळेगावच्या क्षयाच्या दवाखान्यात न्यायचं ना? उद्या टांगा हितंच लावतो."

"दारात नगं मियाँभाई, ओढ्यापल्याड लाव. दारातनं तिकडं टांगा गेला, की गावात दवंडीच पिटली! क्षयाच्या घरातली पोर कोन करंल?"

"आवं, पर चालवंल का त्यांना?"

दौलतरावांनी लेकीकडे पाहिलं. इंदूने पापड लाटणं थांबवलं नाही. खाली मानेनेच म्हणाली, "ओढ्यापल्याडच बरा."

सकाळी इंदूने आईच्या हातात पूजेचं ताट दिलं, कुणी विचारलं तर देवीला निघालो म्हणायला. आई हसली. "देवी काय चहाडी करायची न्हाई."

वाटेत गावातल्या दोन बायकांनी तिघांना हटकलं. आई उभी राहून त्यांच्याशी हसून बोलली, आणि त्यातच उरलासुरला दम संपला. ओढ्याच्या उतारावर तिला रक्ताची उलटी झाली. टांगा पन्नास पावलांवर होता. नूरमोहम्मद धावत आला, त्यानेच तिला उचललं.

"एवढं चालवलंत कशाला?" डॉक्टरांनी विचारलं. तिसऱ्या दिवशी आई गेली.

तेराव्याला इंदूचे होणारे सासरे मारुतराव आले. पाणी पिऊन म्हणाले, "कशानं गेल्या वो विहीणबाई?"

"छातीत कळ आली," दौलतराव म्हणाले.

"क्षयानं गेली," इंदू दारातून म्हणाली. "तुमाला कळू नये म्हनून तिला चालवत नेली. टांगा दारात नगं, असं मीच म्हनले."

"इंदे!" दौलतराव ओरडले. मग ते भिंतीकडे तोंड करून बसले.

मारुतराव पागोटं सावरत उठले. उंबऱ्याशी मात्र ते थबकले. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "माझी थोरली सून खोकती, पोरी. वरीस झालं. तुमाला कळू नये म्हनून आमीबी..."

इंदूने डोळे पुसले.

"लग्नाचं ऱ्हाऊ द्या, मामा," ती म्हणाली. "तिला उद्या न्या. आन् दारातनं न्या."